युरोपयात्रेचे मावंदे

काशीयात्रा करून आलेले जोडपे घरी परतले, की पूर्वी मावंदे होत असे. गंगेच्या गडूचे पूजन व्हायचे, आप्तेष्टांच्या पंगती उठायच्या आणि ज्यांना जन्मात काशी घडणार नव्हती, अशांच्या तळहातावर पळीभर गंगोदक पडायचे. यात्रा दोघांनी केली तरी तिच्या पुण्यात गावाचा वाटा असतो, ही त्यामागची धारणा होती. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ च्या ऐन धामधुमीत उत्तरेत सापडले, लुटले गेले, जिवावरच्या प्रसंगांतून वाचले. पण परतताना खांद्यावर गंगेची कावड घेऊन आले आणि आईवडिलांना त्यांनी त्या पाण्याने स्नान घातले. त्यांचा 'माझा प्रवास' आज इतिहासाचे साधन म्हणून वाचला जातो. त्या प्रवासाची सांगता मात्र घरच्या अंगणातील त्या स्नानाने झाली होती.

आज मध्यमवर्गीय मराठी घरात काशीची ती जागा बऱ्याच अंशी युरोपने घेतली आहे. नगरच्या सावेडी उपनगरात, संगमनेरात किंवा श्रीरामपुरात असे दांपत्य आता सहज भेटते. तो बँकेतून अथवा शाळेतून निवृत्त झालेला असतो. तिने आयुष्यभर घर आणि बहुधा नोकरीही सांभाळलेली असते. मुलांची लग्ने झालेली, फंडाची रक्कम हाती आलेली. मुलगा हिंजवडीत किंवा फ्रँकफुर्टला असतो आणि 'आता तुम्ही दोघे फिरून या' असा आग्रह धरतो. मग बोटांचे ठसे देण्यासाठी व्हिसाची वारी होते, बँकेची खातेपत्रके जोडली जातात, थर्मल आणि बूट घेतले जातात. पंधरा दिवसांत लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, स्वित्झर्लंडची बर्फाची शिखरे, व्हेनिस, फ्लॉरेन्स आणि शेवटी रोम. मराठी सहल कंपनीचा व्यवस्थापक बरोबर असतो आणि रात्रीच्या जेवणात वरण-भात मिळेल याची हमी माहितीपत्रकातच छापलेली असते. या वरण-भाताची चेष्टा करण्याची एक पद्धत आपल्या सुशिक्षितांत पडली आहे. ती अनाठायी आहे. काशीला जाणारा यात्रेकरूही शिधा बांधूनच निघत असे.

या सहलींविषयी दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. शेजारपाजारच्यांना थोडा हेवा वाटतो. आणि विचारी म्हणवणारी मंडळी उपदेश करतात, 'आधी आपला देश तर पाहा!' हा उपदेश राष्ट्रभक्तीच्या भाषेत केला जातो म्हणून तो बिनचूक ठरत नाही. परदेश पाहणे हे स्वदेशाशी वैर नव्हे. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, असे म्हणणाऱ्या काळाने हिंदू समाजाचे जे नुकसान केले, ते भरून काढण्यात आपल्या दोन-तीन पिढ्या खर्ची पडल्या. त्याच्या फार आधी, सातवाहनांच्या काळात, या जिल्ह्याचा व्यापार थेट भूमध्य समुद्राशी जोडलेला होता. डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन झाले, तेव्हा त्या काळच्या थरांत दुहेरी कानांच्या रोमन मद्यकुंभांचे तुकडे मिळाले. प्रवरेच्या काठी रोमचे कुंभ! रोमच्या संग्रहालयात तसेच कुंभ भिंतीला टेकवून ओळीने ठेवलेले असतात. नगरचे दांपत्य त्यांच्यासमोरून जाते. पण 'हे आमच्या नेवाशाला आले होते', असे त्याला सांगणारा कोणी नसतो. वाटाड्या इटालियन असतो, त्याला नेवासे ठाऊक असण्याचे कारण नाही. दांपत्याला ते का ठाऊक नसावे, हा खरा प्रश्न आहे.

प्रवास कसा करावा, याचा एक उत्तम धडा मराठी वाचकाला फार पूर्वी मिळाला आहे. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई युरोपात गेले आणि त्यातून 'अपूर्वाई' जन्माला आली. हे पुस्तक १९६० साली आले. तेव्हा परकीय चलन तुटपुंजे मिळे आणि विमानतळावर पोचवायला अर्धे गाव जाई. पुलंनी लंडन-पॅरिसचे मनमोकळे कौतुक केले. त्या कौतुकात न्यूनगंड नव्हता आणि घरच्या आठवणीत पोकळ अभिमान नव्हता. त्या पुस्तकाने हजारो घरांना युरोप दाखवला. म्हणजे त्या जोडप्याच्या प्रवासाचे मावंदे साऱ्या महाराष्ट्राला मिळाले. आज चलनाची ती अडचण उरलेली नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत २००४ साली माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा मिळाली होती, ती आता अडीच लाख डॉलरवर पोचली आहे. प्रवासी वाढले, छायाचित्रे तर अगणित झाली. प्रवासातून घरी काय आणायचे, हा विचार मात्र मागे पडला. फ्रिजवर आयफेल मनोरा चिकटवला, चॉकलेटे वाटली आणि नातेवाइकांना दूरदर्शन संचाच्या पडद्यावर चारशे छायाचित्रे दाखवली, की यात्रेची सांगता होते.

त्या चारशे छायाचित्रांत नगर किती ठिकाणी दडलेले असते, हे पाहण्यासारखे आहे.

लंडनमध्ये सहलीची बस हाइड पार्कच्या कोपऱ्याला वळसा घालते. तिथे अॅप्सली हाउस नावाचा प्रासाद आहे. ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे, म्हणजे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणाऱ्या सेनापतीचे, हे घर. दुसऱ्या दिवशी बस ब्रुसेल्सला पोचते आणि जवळच ते वॉटर्लूचे रणक्षेत्र असते: मैदानात रचलेली प्रचंड टेकडी, तिच्या माथ्यावर सिंह, वर चढायला पायऱ्या, खाली संग्रहालय आणि तिकीट. लढाई १८१५ साली एका दिवसात संपली. तिच्यावर एक अख्खे गाव दोनशे वर्षे पोट भरते आहे. हा वेलिंग्टन म्हणजेच आर्थर वेलस्ली. वॉटर्लूच्या बारा वर्षे आधी, ऑगस्ट १८०३ मध्ये, याच वेलस्लीने नगरची पेठ आणि पाठोपाठ भुईकोट किल्ला शिंद्यांकडून घेतला. दख्खनमधील त्याच्या सहकारी अधिकाऱ्यांनी भेट दिलेली चांदीची भांडी अॅप्सली हाउसमध्ये 'डेक्कन' याच नावाने जपलेली आहेत. नगरच्या माणसाने त्या काचेसमोर दोन मिनिटे उभे राहावे, यासाठी सहलीच्या कार्यक्रमात जागा नसते. नगरला परतल्यावर तो ज्या किल्ल्याच्या खंदकावरून स्कूटर नेतो, तो हाच किल्ला, हेही त्याच्या कानी पडत नाही.

लंडनमधील आणखी एक गोष्ट. त्या शहरात १८६६ पासून थोरांच्या घरांवर पाट्या लावण्याची प्रथा आहे. पुढे तिला गोल निळ्या पाटीचे रूप आले. हायगेटमधील क्रॉमवेल अॅव्हेन्यूवर जिथे 'इंडिया हाउस' होते, तिथे स्वातंत्र्यवीर सावरकरांच्या नावाची पाटी १९८५ साली लागली. ज्या साम्राज्याने त्यांना पन्नास वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा ठोठावली, त्याच्याच राजधानीतील ही पाटी. लोकमान्य टिळकांचे वास्तव्य असलेल्या हाउली प्लेसमधील घरावरही अशी पाटी आहे. त्या 'इंडिया हाउस'मध्ये वावरलेल्या तरुणांत आपल्या जिल्ह्याचाही एक होता: पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, पुढे सेनापती झालेले. १९०४ साली ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोला अभियांत्रिकी शिकायला गेले. इंग्रज सत्तेविरुद्ध भाषण केल्याने शिष्यवृत्ती गेली, तेव्हा लंडनला आले. तिथून पॅरिस गाठून रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या मिळवली आणि १९०८ मध्ये ती घेऊन ते मायदेशी परतले. एडिंबरो, लंडन, पॅरिस. आजच्या सहलीच्या माहितीपत्रकात हीच नावे छापलेली असतात.

फ्लॉरेन्सला उफिझीच्या कलादालनासमोर तास दोन तासांची रांग लागते. ही इमारत १५६० मध्ये सरकारी कचेऱ्यांसाठी बांधायला घेतली गेली. त्याच सुमारास, १५५९ मध्ये, नगरला हुसेन निजामशहाने मातीच्या किल्ल्याला दगडी तट घालायला आरंभ केला. दोन्ही बांधकामे समवयस्क. एकासमोर जगभरची रांग आहे. दुसऱ्याच्या बुरुजांवर पिंपळ उगवले आहेत. याच किल्ल्यात चांदबिबीने मोगलांशी झुंज दिली. १७५९ मध्ये तो पेशव्यांकडे आला. १९४२ ते १९४५ या काळात सरदार पटेल, नेहरू, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव असे काँग्रेस कार्यसमितीचे नेते इथे स्थानबद्ध होते आणि नेहरूंनी आपला 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिला. राजकीय मतभेद बाजूला ठेवले, तरी भारताच्या शोधाचा ग्रंथ जिथे लिहिला गेला, ती जागा भारतीयांनाच शोधत जावी लागावी, हे काही भूषणावह नाही. किल्ला दीर्घकाळ लष्कराच्या ताब्यात राहिला. लष्कराने तो निदान राखला, एवढे म्हणता येते. त्याच लष्कराने १९९४ मध्ये नगरला उभारलेले रणगाडा संग्रहालय पाहिले, की शिस्त आणि आस्था असेल तर याच नगरच्या मातीत काय होऊ शकते, ते कळते.

आणि रोम. तिथे पोचेपर्यंत दांपत्य थकलेले असते. रोमच्या रस्त्यांवर ठिकठिकाणी लोखंडाचे ठेंगणे नळ आहेत. त्यांतून थंड पिण्याचे पाणी अहोरात्र वाहते, पैसे लागत नाहीत. १८७४ पासून हे नळ बसवायला सुरुवात झाली आणि आज त्यांची संख्या दोन हजारांहून अधिक आहे. ट्रेव्हीच्या कारंज्यात पाठमोरे उभे राहून नाणे टाकायचे, असा एक विधी प्रवाशांच्या अंगवळणी पडला आहे. त्या कारंज्याला ज्या जलवाहिनीचे पाणी मिळाले, ती अॅग्रिपाने इसवी सनापूर्वी १९ मध्ये बांधली होती. मधल्या शतकांत ती मोडकळीस आली, पुन्हा दुरुस्त झाली. दोन हजार वर्षांपूर्वीचा पाट आजही शहराच्या कामी येतो, ही खरी अद्भुत गोष्ट. नाण्याचे काय एवढे!

नगरलाही असे पाट होते. कापूरवाडी, भिंगार अशा आसपासच्या गावांकडून खापरी नळांनी आणि बांधीव पाटांनी शहरात पाणी आणले गेले होते. हौद भरत होते, बागा फुलत होत्या. फराहबागेचा महाल तर तलावाच्या मधोमध उभा होता. अवर्षणाच्या छायेतील या पठारावर चारशे-पाचशे वर्षांपूर्वी ही व्यवस्था आखणाऱ्यांनी जमिनीचा उतार किती बारकाईने जाणला असेल! एकोणिसाव्या शतकातही त्यांतील काही नळांचे पाणी नगरच्या पेठांना मिळत होते. पुढे मुळा धरणाचे पाणी आले आणि खापरी नळ विस्मृतीत गेले. ज्या जिल्ह्याचे अर्धे तालुके उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, त्या जिल्ह्याला आपल्या पूर्वजांच्या जलव्यवस्थेचा नकाशा पाठ असायला हवा होता. तो अभ्यासकांच्या कपाटात आहे.

इथे एक आक्षेप येईल आणि तो आपल्याच लोकांतून येईल. नगरच्या या बहुतेक वास्तू निजामशाहीच्या. त्यांचे आपल्याला कौतुक काय? आक्षेपाला उत्तर द्यायलाच हवे. निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद हा फिरिश्त्याच्या म्हणण्यानुसार पाथरीच्या ब्राह्मण कुळातून धर्मांतरित झालेल्या माणसाचा मुलगा. हा इतिहास जसा बोचणारा आहे तसाच तो आपलाही आहे. ज्यांनी तो दगड घडवला ते पाथरवट इथले, पाट खणणारे हात इथले. मालोजी, शहाजी आणि शरीफजी भोसले याच दरबाराच्या चाकरीत वाढले; १६२४ मध्ये नगरजवळ भातवडीच्या लढाईत शरीफजी पडले आणि शहाजीराजांच्या पराक्रमाची वार्ता दक्षिणेत पसरली. स्वराज्याची पूर्वतयारी समजून घ्यायची, तर भातवडीला जावेच लागते. जयापजयाच्या पलीकडे जाऊन आपली भूमी वाचता येणे, हे आत्मविश्वास असलेल्या समाजाचे लक्षण आहे. ज्या रोमला आपण जातो तिथले पँथिऑन हे जुन्या देवतांचे मंदिर. सातव्या शतकात त्याचे चर्च झाले. आज तिकीट काढून आत जाणाऱ्याला मंदिराचाही इतिहास सांगितला जातो आणि चर्चचाही. कोणी काय मोडले, कोणी काय बांधले, हे झाकून ठेवावे लागत नाही.

उलट, न सांगितल्याने काय होते याचे उदाहरण नगरच्या डोक्यावरच उभे आहे. शहराच्या पूर्वेला शहा डोंगरावरची ती अष्टकोनी तीनमजली वास्तू घरोघरच्या पाहुण्यांना 'चांदबिबीचा महाल' म्हणून दाखवली जाते. तो महाल नाही आणि चांदबिबीचाही नाही. मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची ती कबर आहे. नगरच्या किती पिढ्यांनी तिथे शाळेच्या सहली नेल्या! भिंगारला औरंगजेब ३ मार्च १७०७ रोजी मेला. १६८२ च्या सुमारास दख्खन गिळायला उतरलेला बादशहा पंचवीस वर्षे या मुलखात झगडत राहिला आणि अखेर इथेच खचून संपला. मराठ्यांच्या स्वातंत्र्ययुद्धाचा तो निर्णायक मुक्काम. वॉटर्लू ज्या देशात सांभाळले जाते, त्या देशाला भिंगार मिळाले असते तर त्याने काय केले असते, याची कल्पना करून पाहावी.

युरोप आणि आपण यांत एक मूलभूत फरक मात्र आहे आणि तो नीट ध्यानी घ्यायला हवा. रोमच्या फोरममधील मंदिरांत आज कोणी दिवा लावत नाही. ती संस्कृती संपली, तिचे अवशेष उरले. आपल्याकडे रतनवाडीच्या अमृतेश्वराला, नेवाशाच्या पैस खांबाला, सिद्धटेकच्या गणपतीला आजही रोज फूल वाहिले जाते. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये ज्या खांबाला टेकून सांगितली गेली, त्या खांबापुढे वारकरी आजही माथा टेकवतो. आपला वारसा जिवंत आहे. त्याला संग्रहालयाच्या काचेत बंद करता येणार नाही आणि करूही नये. पण या जिवंतपणाची एक जबाबदारी असते, ती आपण पाळत नाही. भक्तीच्या उत्साहात यादवकालीन शिल्पांना चकचकीत तैलरंग फासले जातात, सभामंडपाला स्नानगृहाच्या फरश्या बसतात, कोरीव खांबात पंख्यासाठी खिळे ठोकले जातात आणि शेजारी देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी झळकते. ही मोडतोड कोणा आक्रमकाने केलेली नसते. ती आपली, आपल्याच श्रद्धावंतांनी केलेली असते. परकीयांनी फोडलेल्या मूर्तींचा हिशेब आपल्याला तोंडपाठ असतो. हा दुसरा हिशेबही कधीतरी मांडायला हवा.

जिल्ह्याला आता अहिल्यादेवींचे नाव मिळाले आहे. २०२४ मध्ये नामांतराला शासकीय मान्यता मिळाली आणि ६ मे २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडीत झाली. देवींच्या त्रिशताब्दीनिमित्त तिथल्या स्मृतिस्थळासाठी सुमारे ६८१ कोटींचा आराखडा मंजूर झाला. या नावाचा प्रवासाशी जो संबंध आहे, तो कोणत्याही भाषणात पुरेसा सांगितला जात नाही. ३१ मे १७२५ रोजी चौंडीत जन्मलेल्या या बाईंनी आपल्या राज्याच्या सीमेबाहेर, साऱ्या भारतवर्षात कोणासाठी बांधले? वाटसरूसाठी. काशीविश्वेश्वराचे मंदिर, सोमनाथ, गयेचे विष्णुपद ही मोठी कामे सर्वांना माहीत असतात. पण त्यांच्या भोवतीचे घाट, विहिरी, पाणपोया, धर्मशाळा, अन्नछत्रे यांचे जाळे पाहिले, की लक्षात येते: दमलेल्या यात्रेकरूला कुठे बसता येईल, कुठे पाणी मिळेल, बाईमाणसाला कुठे सुरक्षित उतरता येईल, हा विचार त्या सतत करीत होत्या. रोमच्या नळांचे नगरच्या दांपत्याला वाटणारे नवल अहिल्यादेवींना वाटले नसते.

त्यांच्या नावाच्या जिल्ह्यात आज सहलीला निघालेल्या स्त्रीने प्रसाधनगृह शोधून दाखवावे. नाव घेतले, आता नावाला जागायचे आहे. शिर्डी आणि शिंगणापूरमुळे या जिल्ह्यात प्रवाशांची वानवा कधीच नव्हती. २०१७ पासून शिर्डीला विमानतळही आहे. देशभरचे भाविक येतात, दर्शन घेतात आणि त्याच रात्री परततात. प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ मध्ये ताम्रपाषाणयुगातील कांस्यरथ आणि प्राणी सापडले. चाकांवर उभे असलेले हत्ती, गेंडा, रेडा अशी ती अजोड शिल्पे आहेत. ती दिल्ली-मुंबईच्या संग्रहालयांत गेली. पण ती जिथे मिळाली ते गाव शिर्डीला येणाऱ्या किती जणांना कळते? नगरच्या इतिहास संग्रहालयात मोडी कागद, हस्तलिखिते, नाणी आहेत. सावेडीतील किती घरांनी तिथे एक रविवार घालवला आहे?

युरोपचे सगळेच उचलावे, असे मात्र नाही. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ साली पावणेदोन लाख माणसे राहत होती. आज ५० हजारही राहत नाहीत. घरे प्रवाशांना भाड्याने गेली, रहिवासी उठून गेले. २०२४ पासून गर्दीच्या दिवसांत नुसते दिवसभरासाठी येणाऱ्यावर प्रवेशशुल्क बसवण्याची पाळी त्या शहरावर आली. गाव नाटकाच्या पडद्यासारखे झाले, की दाखवायला राहते, राहायला उरत नाही. शिर्डीच्या मूळ रहिवाशांना हे समजावून सांगावे लागणार नाही. त्यापेक्षा देवींच्या राजधानीचे, महेश्वरचे उदाहरण पाहावे. तिथे नर्मदेच्या घाटावर येणारा प्रवासी विणकराची साडी घेऊन जातो आणि माग चालू राहतो.

तेव्हा युरोपला अवश्य जावे, जोडीने जावे. उमेदीच्या वर्षांत एकमेकांना वेळ न देऊ शकलेल्या नवरा-बायकोने साठीत हातात हात घालून फ्लॉरेन्सच्या पुलावर उभे राहावे, यात गैर काय आहे? मात्र परतल्यावर मावंदे घालावे. त्याला जेवणावळ नको. एवढा खर्च करून जी नजर मिळाली, तिचा वाटा गावाला द्यावा. चारशे छायाचित्रे मेहुण्याला दाखवण्याऐवजी वीस निवडावीत आणि जवळच्या शाळेतील आठवीच्या वर्गाला दाखवावीत. रोमच्या मद्यकुंभानंतर नेवाशाचा तुकडा दाखवावा, अॅप्सली हाउसनंतर भुईकोट. ज्येष्ठ नागरिक संघांनी हे मनावर घेतले तर त्यांच्या गुरुवारच्या व्याख्यानाला विषय शोधावा लागणार नाही. हिशेबनीस असलेल्याने महापालिकेच्या अंदाजपत्रकात वारशासाठी किती तरतूद आहे ते शोधून विचारावे. नगरला २००३ पासून महापालिका आहे, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार तेवढाच जुना आहे. निवृत्त शिक्षिकेने एखाद्या वाड्याची, एखाद्या बारवेची खरी हकीकत चार ओळींत लिहून तिथे पाटी लावण्याचा पाठपुरावा करावा. लंडनच्या निळ्या पाट्याही नागरिकांच्या सूचनांवरूनच लागतात.

ज्यांना एकदम एवढे नको, त्यांनी एका दिवसाची सहल काढावी. पहाटे सावेडीहून निघून श्रीगोंद्यामार्गे पेडगावला जाता येते. भीमेच्या काठचा हा बहादूरगड, आताचा धर्मवीरगड. फेब्रुवारी १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना आणि कवी कलशांना कैद करून औरंगजेबासमोर उभे केले ते इथेच. तिथले लक्ष्मीनारायणाचे मंदिर पाहायला तास तरी हाताशी ठेवावा. जवळच सिद्धटेक, अहिल्यादेवींनी बांधलेले देऊळ. अष्टविनायकाच्या गाड्या तिथून थेट पुढच्या गणपतीला पळतात, आपण पळू नये. राशीनला यमाईच्या देवळात हलणारी दीपमाळ आहे, ती मुलांना हलवून दाखवावी. दुपारी चौंडी. उन्हे कलताना खर्ड्याच्या किल्ल्यावर पोचावे. ११ मार्च १७९५ रोजी मराठे सरदार अखेरचे एकत्र लढले आणि निजामाला त्यांनी नमवले, ते रण याच परिसरात झाले. परतायला रात्र होईल. वाटेत जेवणाची चांगली सोय सगळीकडे मिळेलच असे नाही, तेव्हा शिधा बरोबर असावा. पोळी, बटाट्याची भाजी आणि लोणचे रोमला चालते, पेडगावलाही चालेल.